मानेला मऊ कांदे

माझ्या आईच्या पांढऱ्या कांद्याचं बियाणं माझ्या मोठ्या जावेनं मसाल्यात घातलं. मी ते विसरलेली नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

आमचं घर फलटणकडचं, माझं माहेर सांगलीकडं. आई दरवर्षी थोडा पांढरा कांदा करायची. चपटा, भाकरीबरोबर नुसता खावा असा गोड. त्याचं बी दुकानात मिळायचं नाही. उन्हाळ्यात चांगले कांदे निवडून ठेवायचे, दिवाळीनंतर तेच परत जमिनीत लावायचे, मग त्यांना फुलं येऊन बी धरायचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं शेवटचे चाळीस कांदे माझ्या ओटीत घातले. मी त्यांच्या वाळक्या पातीच्या दोन वेण्या घातल्या आणि वारं लागेल अशा खुंटीला टांगल्या. दर चार दिवसांनी एकेकाच्या मानेला अंगठा लावून बघायची. कांदा बहुतेक मानेपासूनच नासतो. वरून टरफल चकचकीत असतं, पण मान दबली की आतला गाभा गेला समजायचं. वास येईपर्यंत थांबलं तर शेजारचे चारही हातचे जातात.

आई गेली. तेरावा करून मी परत आले तर खुंटी रिकामी.

"आगं, मानेला मऊ लागलं मला," जाऊ म्हणाली. "नासत चालले हुते. मसाल्याला घेतले, न्हाईतर टाकूनच द्यावं लागलं असतं."

धडधडीत खोटं. निघायच्या दिवशी सकाळी मी चाळीसच्या चाळीस तपासले होते. आणि जावेला कांद्यातलं ओ की ठो कळत नाही, बाजारात तिला कुणीही फसवतो. डंकावर मसाला कुटून बरण्याही भरून झाल्या होत्या. पुढं वर्षभर घरातलं प्रत्येक कालवण मी त्याच मसाल्याचं खाल्लं. नवरा म्हणायचा, सोडून दे. मी सोडलं नाही, जपून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात जावेच्या मुलीचं लग्न झालं. सांगलीत दिली. ही पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, कांदे निवडायला माझ्याशेजारी तीच बसायची. पहिल्या पंचमीला माहेरी आली आणि परत निघाली तेव्हा जाऊ मला म्हणाली, "व्याह्यांकडं टोपलीभर कांदं द्यायचं हाय. तूच निवड. तुझ्या हातचं टिकत्यात."

मी कांद्याच्या चाळीत तासभर बसले आणि शोधून शोधून मानेला मऊ कांदे काढले. वरून असे देखणे की नजर ठरू नये. खोटं कशाला सांगू, मला लय बरं वाटलं. चार दिवसांत विहीणबाई नाकाला पदर लावतील, फोन येईल, जावेचं तोंड उतरेल. माझ्या आईच्या कांद्यांना नासके म्हणाली होती ना!

फोन आला तो कांद्याचं कौतुक करणारा. जाऊ गावभर सांगत सुटली आणि मी आतल्या आत जळत राहिले.

दिवाळीला पोर आली. मी उरलेले कांदे पसरून बसले होते, ती शेजारी टेकली.

"काकी, एसटीत बसल्याबसल्या सवयीनं टोपलीत अंगठा लावला मी. सगळेच मऊ. एक-दोन असते तर म्हटलं असतं, नजरचूक झाली. सगळेच कसे गं?"

मी हातातला कांदा बाजूला ठेवून दुसरा घेतला.

"घरी जायच्या आधी मंडईतनं दुसरे घेतले. आईला सांगितलं न्हाई. पण बोलणी कुणी खाल्ली असती? आईनं न्हवं, मी."

जावेवरचा माझा राग आजही तिळभर कमी झालेला नाही. पण या पोरीचं नाव त्या हिशेबात मी धरलंच नव्हतं.

ती परत निघाली तेव्हा मी साठवणीच्या आरणीतले सगळ्यात चांगले वीस कांदे निवडून पिशवीत भरून दिले. तिनं उंबऱ्यातच पिशवी उघडली आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेका कांद्याला अंगठा लावून पाहिला. एकही मऊ नव्हता. तरी विसावा कांदा तपासून झाल्यावरच तिनं पिशवीला गाठ मारली.