दुपारी दोन ते चारची मोटारसायकल

घरात बसून मोटारसायकल बनवणारे लोक जगात खूप असतील, पण शेजाऱ्यांच्या कानावर टिचकीसुद्धा न पडू देता ती बनवलेला माणूस एकच, आणि ते माझे साडू आहेत. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. ती बनत होती तेव्हा तिचा एकेक भाग धरून बसायला मी होतो, त्यामुळे जरा कुरकुरतच सांगतोय. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. राहायला कामोठ्यात, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सानपाड्याला. दर रविवारी त्यांच्याकडे मटणाचं जेवण ठरलेलं. जेवण झालं की सभ्य माणूस आडवा होतो. मी होऊ लागलो की साडू माझ्या कानाशी येऊन कुजबुजायचे, "साडू, जरा धरा की."

कुजबुजायचे, हे मुद्दाम सांगतो. कारण साडूंचा मूळ आवाज कुजबुजण्यातला नाही. माणूस सातारकडचा, आणि धंदा वाशीच्या भाजी मार्केटातल्या गाळ्यावर भाव पुकारण्याचा. एकदा मी सकाळी तिथे गेलो होतो, तर गाळा सापडण्याच्या कितीतरी आधी साडू ऐकू आले. अंधारात घर सोडायचं, एकच्या सुमाराला परत यायचं, जेवायचं. चार वाजता हॉलमध्ये अक्कांचा शिवणक्लास भरतो, तो दिवेलागणीपर्यंत चालतो. आठ वाजता साडू झोपतात. म्हणजे या माणसाच्या हक्काचा वेळ उरला दुपारी दोन ते चार. आणि सोसायटीत खाली लिफ्टशेजारी बोर्ड लावलाय, दुपारी दोन ते चार शांतता पाळावी. दुसऱ्या कुणी छंद तरी सोडला असता, नाहीतर सेक्रेटरीशी भांडण तरी काढलं असतं. साडूंना दोन्ही पटलं नाही. "नियम हाय तर पाळायचा," ते मला म्हणाले, "वरती म्हातारी माणसं झोपलेली असत्यात."

आणि पाळला हो! हातोडीला अक्कांच्या क्लासातल्या चिंध्या इतक्या गुंडाळल्या की तिचं पार गाठोडं झालं. टाकीचा पत्रा ठोकायचा तो गोधडीच्या पोटात घालून. नट खाली पडून आवाज होऊ नये म्हणून गॅलरीत गादी अंथरलेली, आणि त्या गादीवर मला झोपायला मात्र बंदी. बोलायचं नाही, खुणा करायच्या. नाकाला बोट म्हणजे पाना, कानाची पाळी म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर हात म्हणजे दोघांपैकी कुणाचं तरी चुकलं. कुणाचं, ते नेहमी माझ्याकडे बघूनच ठरायचं. एकदा माझ्या अंगठ्यावर चेनचं चक्र पडलं. मी ओरडणार तेवढ्यात साडूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. पावणेचार झाले होते. मी चार वाजता ओरडलो.

चारच्या ठोक्याला गाडी अदृश्य व्हायची, तोही एक सोहळाच. सांगाडा गॅलरीत चादरीखाली, चाकं दिवाणात, नट-बोल्ट इडलीपात्राच्या खळग्यांत मापाप्रमाणे. अक्का सोशिक बाई, पण इडल्या करायला काढलेल्या पात्रात वॉशर निघाले तेव्हा त्यांनीही नवीन पात्र मागितलं. क्लासच्या एका मुलीला बटणांच्या डब्यात स्पार्क प्लग सापडला. तिने तो बरेच दिवस शिलाई मशीनचा भाग समजून जपून ठेवला होता. आणि दसऱ्याची तर कमालच. दसऱ्याला मार्केट बंद, क्लास बंद, साडूंना सबंध दिवस मोकळा. आम्ही पोचलो तर सगळे पाने, पकडी, हातोडी पाटावर, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही अक्कांच्या माहेरची रीत. साडू समोर मांडी घालून बसलेले, पुरणपोळी हातात, नजर दहा नंबरच्या पान्यावर. शेवटी न राहवून त्यांनी एक नट नुसत्या बोटांनी आवळायला घेतला. अक्कांनी आतून बघितलं, पण बोटांची पूजा केली नव्हती, त्यामुळे त्यांना काही म्हणता येईना.

आता तुम्ही विचाराल, एवढा उपद्व्याप कशासाठी? बाजारात गाड्या मिळत नाहीत? मीही हेच विचारलं होतं. त्याचं उत्तर गावाला, गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडलं होतं. आमचे सासरे, आण्णा, शाळामास्तर. त्यांची एक जुनी मोटारसायकल होती. संध्याकाळी ती ओढ्याच्या वळणावर आली की तिचा आवाज घरात पोचायचा. मग घरात धावपळ. धाकटीने, म्हणजे माझ्या बायकोने, रेडिओ बंद करून पुस्तक उघडायचं आणि थोरलीने पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं. दोघी बहिणी हे इतक्यांदा सांगतात की तो ओढा मला तोंडपाठ झालाय. आण्णा गेले, गाडी गोठ्यात गंजली. तेराव्याला अक्का एवढंच म्हणाल्या, की माणूस गेलं ते गेलं, पण तो आवाज एकदा परत ऐकायला मिळायला हवा होता. त्या बोलून मोकळ्या झाल्या. साडूंनी ते मनावर घेतलं. कांद्याच्या ट्रकमधून ते इंजिन कामोठ्याला आणलं आणि सासूबाईंना सांगितलं, "आण्णांना घेऊन चाललोय." त्या माउलीने गाडीतून कापून काढलेल्या इंजिनावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

बाकीचं सगळं कुजलेलं, ते साडूंनी भंगारात दिलं. इंजिन आण्णांचं, आणि बाकी गाडी साडूंच्या डोक्यातली. अक्कांच्या गुडघ्यांना पाय वर टाकणं जमत नाही म्हणून सीट बुटकी, तिचं कव्हर अक्कांनीच मशीनवर शिवलेलं, निळ्यावर पांढरी दुहेरी शिलाई. हँडल रुंद, कारण साडू स्वतः रुंद. आणि सायलेन्सर! तो त्यांचा खास लाडका. चकचकीत, आरशासारखा. त्यात बघून मी एकदा भांग पाडला, तर त्यांनी लगेच फडकं घेऊन माझं तोंड पुसून काढलं, म्हणजे सायलेन्सरवरचं. इंजिनाचा तर एकेक तुकडा त्यांनी घासला, बदलला, पुन्हा घासला. काही म्हणून दोष ठेवला नाही. वर्षं गेली. फक्त चालू करून मात्र कधी बघितलं नाही. चालू केलं तर आवाज होणार, आणि साडूंचा वेळ दोन ते चारचा.

शेवटी सेक्रेटरींनी एका रविवारी चारनंतर पाच मिनिटांची परवानगी दिली. गाडी लिफ्टमधून मागच्या चाकावर उभी राहून खाली आली, तिला मिठी मारून मी. पार्किंगमध्ये क्लासच्या बायका, वरची म्हातारी मंडळी, वॉचमन, सगळे जमले. इतकी वर्षं आपल्या पायाखाली हे चाललं होतं याचा त्यांना पत्ताच नव्हता. नारळ फोडला. साडूंनी किक मारली, दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. काय सांगू, लोण्यासारखी चालली. एकसारखा, मऊ, गोल आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडू मात्र कुणाकडे बघत नव्हते. ते अक्कांकडे बघत होते. अक्का थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या, मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "गाडी फार छान झाली हो. पण हा आण्णांचा आवाज नाही."

साडूंनी चावी बंद केली. मला त्या दिवशी अक्कांचा राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं राबलेल्या माणसाला 'हो' म्हणायला काय जात होतं? साडू मात्र त्यांच्यावर जराही चिडले नाहीत. पुढचे कितीतरी रविवार ते इंजिनापाशी बसून राहिले. खुणासुद्धा कमी झाल्या. मी आपणहून पाना पुढे करायचो, ते नको म्हणून मान हलवायचे. मार्केटातले लोक म्हणे विचारायला लागले, शेठ, घसा बसलाय का?

उलगडा झाला तो मटणाच्या ताटावर. विषय वेगळाच, लहानपणी कुणाला कुठे काय लागलं याचा. आमची ही सहज म्हणाली, "माझ्या उजव्या पोटरीला कायम चटका बसायचा. आण्णांच्या सायलेन्सरला भोक होतं ना, तिथून गरम वाफ यायची. आण्णा त्यावर पत्रा बांधायचे, तो चार दिवसांत उडायचा." साडूंचा घास हातात राहिला. भोक! आण्णांचा आवाज त्या भोकातून येत होता. आणि ते भोक साडूंनी पहिल्याच दिवशी भंगारात देऊन टाकलं होतं.

ताट तसंच ठेवून ते उठले. हात धुतले, मला खूण केली, आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. सोबत हाताने फिरवायचं जुनं गिरमीट. आपल्या त्या चकचकीत सायलेन्सरवर त्यांनी फडकं फिरवलं, एकदा, दोनदा. मग म्हणाले, "साडू, नीट धरा." मी धरला आणि तोंड फिरवलं. बघवेना मला. भोक पाडून झाल्यावर त्यांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "आता तुम्ही वर जा. आवाजाचं मी बघतो. तुम्ही त्या दोघींकडं बघा."

मी वर आलो. सव्वादोन वाजले होते. सगळी सोसायटी झोपलेली. अक्का दिवाणावर पडून मोबाइल बघत होत्या, ही टीव्हीवरची मालिका बघत होती. खालून किक ऐकू आली, मग दुसरी. आणि मग तो आवाज. डग डग डग, मध्येच एक फट्. पुन्हा डग डग, फट्. आमची ही उठली, टीव्ही बंद केला आणि समोर पडलेला क्लासचा पेपर कटिंगचा कागद उचलून वाचायला लागली. अक्का केव्हा स्वयंपाकघरात गेल्या मला कळलं नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता, आणि त्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

खाली इंजिन थांबलं. जिन्यात पावलं वाजली. साडू वर आले आणि त्यांच्या मागोमाग बनियनवर सेक्रेटरी, दोन ते चारचा नियम तोंडावर घेऊनच. अक्कांनी तांब्या पुढे केला. साडूंनी तो घेतला, उभ्या उभ्या प्यायले. आतून हिचा हुंदका ऐकू आला. सेक्रेटरींनी अक्कांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मीही डोळे पुसत होतो, आता काय लपवायचं. "काही नाही," ते म्हणाले, "पंखा बंद पडला म्हणून जाग आली," आणि खाली निघून गेले.

परतताना सानपाडा आलं तेव्हा ही म्हणाली, "दाजींना सांगा, एकदम खिडकीखाली नका चालू करू. जरा लांबून आणा. पुस्तक उघडायला वेळ मिळायला हवा ना."

मी निरोप दिला. गाडी अजून सोसायटीबाहेर गेलेली नाही, रस्त्यावर काढायला परवानगी मिळायचीय. पण आता दर रविवारी जेवण झालं की साडू ती बंद ठेवून पार मागच्या कुंपणापर्यंत ढकलत नेतात, आणि तिथून चालू करून वळसा घालून घरी येतात. तिथवर ढकलायला मागून मी असतो.