न उतरलेल्या विमानाचं परीक्षण

रविवारच्या पुरवणीवाल्यांनी सहाशे ऐंशी पानांची कादंबरी परीक्षणाला पाठवली, तेव्हा मी आधी वैतागलेच. एवढ्या वेळात आमच्या बेंबळी गावातली अर्धी भांडणं मिटली असती. पण परीक्षणं लिहिते म्हणून नाव झालंय, आता कुरकुर कुणापुढं करायची?

माझी पद्धत ठरलेली आहे. शाळेत शिकवून घरी आलं की पुस्तक आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं. तिला दिसतं कमी, कान मात्र तिखट. आई पेंगली की समजायचं, प्रकरण पातळ आहे.

कादंबरीत दोन काळ. एकात जुन्या जमान्यातली वैमानिक बाई, समुद्रावरून उडते ती उतरतच नाही. दुसऱ्यात आजची तिची नात, ट्रंका उघडून कागद धुंडाळत बसते. नातीच्या भागात आई हमखास पेंगायची. मीही समासात लिहीत गेले, फाफटपसारा, पुन्हा तेच, इथं कात्री हवी होती. पण बाईचं विमान आलं की आई टक्क जागी. "उतरली का गं ती?" रोज विचारायची.

कारण माझी थोरली बहीण अशीच गेली. सासरी भांडून मुरुमहून सकाळच्या एसटीत बसली, बसताना लोकांनी पाहिलं. बेंबळीला आलीच नाही. ठाणं झालं, दवाखाने झाले, देवऋषीही झाला. बारा वर्षं अशीच गेली. मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि भावकी म्हणाली, आता तिचा पुतळा करून जाळा, त्याशिवाय घरात अक्षता नकोत. आई न्हाय म्हणत होती. तिला राजी केलं ते मी. पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ, अंगावर तिचीच एक जुनी साडी. चुलत भावानं अग्नी दिला. लग्न थाटात झालं. आधी फाट्यावर एसटी थांबली की आस वाटायची, तेव्हापासून भीती वाटते. उतरली आणि विचारलं, मला जाळलं का, तर काय सांगू?

एका संध्याकाळी चारशेच्या पुढं गेले तर वैमानिक बाई जिवंत निघाली. कुठल्याशा बेटावर, कोळ्यांच्या वस्तीत. मासळी बांधून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रात तिला स्वतःच्याच अंत्यविधीची बातमी दिसते. रिकामी पेटी, फुलं, शेजारी उभी तिची आई. ती कागदाची नीट घडी घालते आणि माघारी जायचा बेत सोडून देते. पुढचं आधी वाचून ठेवायची मला सवय नाही, ती इथं नडली. थांबावं असं वाटेपर्यंत सगळं वाचून झालं होतं.

"घरच्यांनी आटोपलं म्हणून ती गेली न्हाय?" आईनं विचारलं.

"कादंबरी आहे आई. काहीही लिहितात."

"व्हय." मग म्हणाली, "आपला धूर कुठवर दिसला आसंल गं?"

मी पुस्तक मिटलं. उरलेली पानं एकटीनं संपवून परीक्षण लिहून पाठवलं. त्यात लिहिलं, हा प्रसंग मुळीच पटत नाही, एवढ्यावरून कुठली बाई माहेर तोडत नसते. इतकी वर्षं लिहितेय, पण मला स्वतःला न पटलेलं वाक्य पहिल्यांदाच छापून आलं. आईला ते मी वाचून दाखवलं नाही.