माणनीय चंद्रकला

हां, तर काल तुम्ही जांभया द्यायला लागलात आणि बिचारी चंद्रकला कॅमेऱ्यासमोर तोंड उघडून बसली ती बसलीच. आता तिला बोलू द्या बाबांनो, तिचा जबडा दुखला असेल. पण आज दोघं-तिघं नवे आलेत, त्यांच्यासाठी मागचं थोडं पुन्हा.

चंद्रकला म्हणजे आपल्या माण गावच्या गेणबाची थोरली. गेणबा देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला, घर बुद्धविहाराला लागून. पोरीचा आवाज असा खणखणीत, की ती शाळेत प्रार्थना सांगायला लागली की ओढ्यापलीकडचे गुराखी हात जोडायचे. पुढं पुण्याला वसतिगृहात राहून बीए झाली. एकदा धावतच घरी आली, "आये, भाषणात पयला नंबर! कप मिळाला!"

गोजराबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, तो कप उलटासुलटा करून पाहिला. "आन् बशी गं? बशी कुणी ठिवून घेतली?"

असे बिनबशीचे पाच-सहा कप जमले आणि अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या टीव्ही केंद्रावरनं तिला बोलावणं आलं. बातम्या वाचायच्या. पण आधी तात्पुरतं. जमलं तर कायम, नाहीतर बिऱ्हाड उचलून परत माण.

एसटीवर सोडायला अर्धं गाव. सरपंच हैबतराव तात्या मिशीवर ताव देत म्हणाले, "चंद्रे, टीव्हीवर गावाचं नाव घे बरं का!"

"तात्या, तितं मनातलं घालता येत न्हाई. कागदावर असंल तेवढंच वाचायचं."

शेजारची गंगूबाई गप्प बसेल होय? "आवं तात्या, नाव घ्यायला आदी लगीन तर हुंदे तिचं!" एसटी हसत हसतच चांदणी चौकाकडं लागली म्हणा ना.

मुंबईला वेगळंच निघालं. तिथले संपादकसाहेब तिचं वाचन ऐकून म्हणाले, "बाई, आवाज लाख आहे. पण तुमचा ण कुठे सांडला?" आता आपल्याकडं, एक गावाचं नाव सोडलं तर, ण असतोय कुठं? आपण पानी पितो, लोनी खातो, कुनी काय बोललं तर भांडतो. कधी अडलं नाही. पण चंद्रकला हट्टाला पेटली. सकाळी आरशासमोर उभी राहून पाणी, लोणी, कोणी, आणि. अंघोळ करताना पाणी, लोणी. बसच्या रांगेत पाणी, लोणी. शेजारची बाई आपली बाटली पुढं करून म्हणाली, "घ्या हो, प्या." ण असा जिभेवर चढून बसला की उतरायचं नाव घेईना. खानावळीत वाढप्याला म्हणाली, "भात णको." तो बिचारा वाढायचाच थांबला.

आणि मग तो दिवस. साडेसातच्या बातम्या.

इकडं माणला टीव्ही एकच, हाफीजच्या दुकानात. तांदळाच्या पोत्यांवर माणसं, काउंटरवर माणसं, दारात चपलांचा ढीग. हाफीजची बायको जोहराबी पत्र्यावर चढली आणि अँटेनाचं तोंड सिंहगडावरच्या टॉवरकडं करून खाली ओरडली, "दिसतंय का?" आणि दिसली की हो चंद्रकला! तिनं नमस्कार म्हणताच सगळं दुकान हात जोडून म्हणालं, "नमस्कार!" ती मान खाली घालून कागद बघायला लागली, तशी गोजराबाई कळवळली, "आगं लाजतीयास काय? सगळी आपलीच मान्सं हायेत." आणि पोरीनं वर पाहिल्याबरोबर आपणच डोक्यावर पदर घेतला.

चंद्रकलानं श्वास घेतला आणि वाचलं, "माणनीय मंत्रिमहोदयांनी आज नाशिक येथे..."

कागदावर होतं माननीय. जिभेवर होता ण. झालं!

दुकानात हैबतराव पोत्यावरनं ताडकन उठले. "घेतलं! घेतलं पोरीनं गावाचं नाव! माणनीय मंत्री म्हनली!" पुढं आणखी एका मंत्र्यांची बातमी आली, तेही माणनीय. जो मंत्री येईल तो आपला माणचा! टोप्या उडाल्या, हाफीजनं बरणीतल्या गोळ्या फुकट वाटल्या, आणि हवामान कुणीच ऐकलं नाही.

मुंबईत मात्र गोळ्या-बिळ्या काही नव्हत्या. संपादकसाहेब काचेमागनं बाहेर आले ते लालबुंद. "पुन्हा एकदा हा माणनीय ऐकू आला, तर कायम व्हायचं विसरा."

चंद्रकला रविवारी गावाकडं आली ती तोंड लपवत. लांबूनच हलगीचा आवाज. तिला वाटलं, आपलीच वरात काढणार आता! उतरते तर गळ्यात झेंडूचा हार. हैबतराव गदगदून म्हणाले, "कागदावर न्हाई म्हनत व्हतीस, आन् मंत्र्यातच गाव बसवलंस! काय डोकं, काय डोकं! हिंजवडीवाल्यांना म्हनलं, तुमचं नाव कुटं बसतंय का बघा मंत्र्यात!"

आता ह्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? घरी आल्यावर ती आईच्या कानाशी लागली. "आये, ती चूक व्हती गं. परत झाली तर नोकरी जातीया."

"गप!" गोजराबाईनं दार लोटलं. "ह्या चुकीपायी तात्या पयल्यांदा आपल्या घरी येऊन च्या पिले. तुझ्या त्या बिनबशीच्या कपातनं! आन् वर आजून मागितला."

चंद्रकला हसता हसता रडकुंडीला आली. नीट वाचावं तर गाव रुसतंय, गावासाठी वाचावं तर नोकरी जातेय. निघताना पुन्हा तात्या होतेच. "आता रोज घ्यायचं नाव!"

पुढच्या बातम्यांना हाफीजच्या दुकानात भुकूमपर्यंतचे पाव्हणे. तिकडं मुंबईत कागदावर पहिलाच शब्द, माननीय. काचेमागं साहेबांचं उगारलेलं बोट, कानात हलगी. चंद्रकलानं जीभ दातांमागं दाबली आणि वाचलं, "माननीय." स्वच्छ. धुतल्या तांदळासारखं.

दुकानातल्या साऱ्या माना तात्यांकडं वळल्या. हाफीज सांभाळून घ्यायला गेला, "तात्या, सेट बिघडलाय, आवाज फाटतोय."

पाठीमागनं कुणीतरी म्हणालं, "मंत्री बदलला असंल!"

हैबतराव धोतर झटकून उठले. "मंत्री न्हाई, पोरगी बदलली. मुंबैची झाली."

ही चंद्रकला पुढं दहा-बारा वर्षं साऱ्या मुलखाला बातम्या सांगत होती बरं का. निवडणुकीचे निकाल लागले की लोक तिचं तोंड बघायचे. टीव्ही रंगीत झाला तेव्हा गोजराबाईनं तिला फैलावर घेतलं होतं, "एवढी हिरवीगार लुगडी नेसत व्हतीस, मग इतकी वर्सं करडी का दावलीस?" पण ते पुढचं. तेव्हा मात्र महिन्याभरानं ती घरी आली, तर हलगी नाही, हार नाही. एसटीच्या फाट्यावर हैबतराव एकटेच, हाताची घडी घालून. मागं गंगूबाई, चेहऱ्यावर तमाशा बघायला आल्याचा आनंद.

"का गं," तात्या गुरगुरले, "गावाचं नाव का गाळलंस? माणचा मंत्री कुटं गेला?"

चंद्रकलानं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि साडेसातच्या आवाजात, पण शुद्ध माणच्या भाषेत सांगितलं:

"मंत्र्याचं काय घिऊन बसलाय तात्या, त्यो आज हाय, उद्या न्हाई. माणची पोरगी मात्र तितं कायम झाली!"