ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेली आई

असल्या गोष्टींना मी कायम हसत आलोय. आमचं बौद्ध घर, अंगारे-धुपारे आजोबांनीच सोडलेले. त्यात मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही बी.एस्सी. तरी हे लिहितोय, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं...

२००६-०७ असेल. आम्ही बदलापूरला. धाकटा भाऊ मिलिंद उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंगला. तिथली शिस्त म्हणजे मोठी कात्री जमिनीवर पडू द्यायची नाही — धार जाते. एका दुपारी टेबलाच्या कडेवरून कात्री घसरली आणि यानं सवयीनं ती पोटानं अडवली. पातं आत गेलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सिंधी शेठ रिक्षात एकच बोलत होता, "कैंची गिरने देता ना, साईं..."

सर्जन मॅडम म्हणाल्या, "पोट वरपासून खालपर्यंत उघडावं लागेल." मी सही केली.

थिएटरचं दार लागलं. थोड्या वेळानं बाकावर बसलेली आई बेंबीला हात लावून म्हणाली, "इथं टोचलं." मग डावीकडं, दोन ठिकाणी. "फाडलं नाही रे त्यांनी. नुसती भोकं पाडलीत."

"आई, मोठं ऑपरेशन आहे. सही केलीय मी."

"सही तू केलीस. पोट माझं दुखतंय."

मग बऱ्याच वेळानं अचानक कळवळली. "आतलं एक शिवलं. मागच्या बाजूला अजून एक राहिलंय." मी दारापर्यंत गेलो, पण वाजवायची हिंमत झाली नाही.

शेवटी मॅडम बाहेर आल्या. "धोका टळला. बीपी टिकून होतं, म्हणून आधी बेंबीतून दुर्बीण घालून बघितलं. पोट उघडावंच लागलं नाही, बेंबीतलं एक आणि डावीकडची दोन, अशा तीन भोकांतून आतडं शिवलं. शिवून झाल्यावर आम्ही सगळं आतडं परत एकदा तपासतो. त्यात मागच्या बाजूला दुसरा छेद सापडला, तोही शिवला."

अशा जखमेवर दुर्बिणीनं ऑपरेशन होतं, हे तेव्हा आमच्याकडं कोणी ऐकलंही नव्हतं. स्पष्ट सांगतो — भाऊ वाचला तो मॅडमच्या हातामुळं आणि परत तपासायच्या चिकाटीमुळं. आईचं बोलणं दाराच्या आत गेलंच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. आईशेजारी बसून विचारलं, "मावशी, आता कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही."

"नक्की? मग मी जेवून घेते."

योगायोग म्हणावं तर तीनही जागा बरोबर कशा?