नव्या मडक्यातलं गुप्तदान

आता कुठून सुरू करू? लोक पाप करून तोंड लपवतात. मी पुण्य करून तोंड लपवत फिरलोय, आणि तेही आपल्या बीड जिल्ह्यात, भर दुष्काळात. हसायचं तर हसा, पण सगळं ऐकून हसा.

धारूरच्या डोंगराकडेला आमचं गाव. मी तिथल्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. सचिव म्हणजे काय, त्या साली जनावरं छावणीत आणि दूध नावाला, त्यामुळे मी रिकाम्या कॅनांचा राखणदार होतो. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, पत्र्याचं छोटंसं चर्च, आणि पाळकसाहेब तालुक्याहून फटफटीवर यायचे. पण त्या मंडळीत माझा दबदबा होता. दारू नाही, तंबाखू नाही, आणि दूधवाला असून मापात पाप नाही.

एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की दान गुपचूप करावं. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू देऊ नये, वरचा बघतो आणि तोच फेडतो. बाकीचे उन्हानं पेंगत होते. मी मात्र पेटलो.

दान कुणाला, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. चर्चच्या मागंच राहेलमावशी राहायची. विधवा, गुडघे गेलेले. लेक रूथ पहिल्या बाळंतपणाला आलेली, जावई ऊसतोडीला लांब साखर कारखान्यावर. टँकर आला की गाव घागरी घेऊन तुटून पडायचं, आणि मावशीच्या वाट्याला तळाचा गाळ यायचा. घरात ओली बाळंतीण आणि प्यायला धड पाणी नाही. ते मला बघवत नव्हतं, हे मात्र खरं सांगतो.

तेव्हा ठरवलं, आमच्या वाटणीतलं मडकंभर पाणी मावशीला द्यायचं. मार्था, म्हणजे आमच्या घरची मंडळी, म्हणाली, मग हाक मारून देऊन या की. मी तिला म्हटलं, तुला अध्यात्मातलं कळत नाही.

आता माझ्या गुप्तदानाची तयारी बघा. घरच्या घागरीवर माझं नाव कोरलेलं, म्हणून कुंभाराकडून नवं कोरं मडकं आणलं. भर दुपारी पाणी नेताना लोक बघणार, म्हणून ते संस्थेच्या दुधाच्या कॅनमधून नेलं. कॅन घेतलेला सचिव कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कॅन विसळायला पाणी कुठलं? त्यामुळे आतलं पाणी जरा पांढुरकं झालं. टँकरच्या पाण्याला वास मारायचा, म्हणून त्यात एक लिंबू टाकलं. मावशीच्या घरामागं ते मडक्यात ओतलं आणि धूळ जाऊ नये म्हणून मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं. घरात सापडलं ते लाल होतं. मावशी टँकरवर गेलेली, रूथ आत झोपलेली. मी उंबऱ्यासमोर मधोमध मडकं ठेवलं, डोळे मिटून दोन शब्द पुटपुटलो आणि मागं न बघता निघून आलो.

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं. आम्ही पंचांग बघत नाही, त्यामुळे त्या दिवशी अमावस्या होती हेसुद्धा मला नंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी मडकं जागेवर नव्हतं. वाटलं, घेतलं. म्हणून आणखी एक ठेवलं, मग आणखी एक. घरी मार्था राखेनं भांडी पुसत होती आणि मी आंघोळ सोडली होती. अंगाला वास यायचा, पण मला तो पुण्याचाच वाटायचा.

पुढच्या रविवारी साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ आली आणि मावशी गुडघ्यांवर हात टेकत उठली. मी आधी ताठ बसलो, मग ते बरं दिसेना म्हणून मान खाली घातली. आता ती म्हणणार, देवानं दूत पाठवला. आणि खरं सांगू? तो दूत कोण, हे लोकांनी ओळखावं असंही आतून वाटत होतं.

"पाळकसाहेब, कुणीतरी माझ्या घरावर करणी करायलंय," मावशी म्हणाली. "बाळंतिणीच्या दारात उतारा ठेवायलंय. लाल फडकं, लिंबू, पांढरं पानी. आमी येसूची मानसं, आमचा इस्वास न्हाई असल्यावर. पर लेकराला ताप हाय."

पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं. प्रभू, त्या दुष्टाचे हात आवर, त्याला उघडा पाड, अशी लांबलचक प्रार्थना केली. शेवटचं आमेन मी नेहमीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो. त्या दिवशी गप्प राहिलो असतो तर लोकांनी वळून पाहिलं असतं. म्हटलं बाबा, मोठ्यानंच म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पाळकसाहेब म्हणाले, मंडळीत नीतिमान माणूस म्हणजे आपले शमुवेलराव, त्यांनी मावशीच्या दारावर पाळत ठेवावी आणि त्या माणसाला धरावं. आता मीच मला कुठून धरू?

मी बाभळीखाली खुर्ची टाकून पाळत ठेवायला लागलो. मडकं काही येईना. येणार कुठून? गावात बोलबाला झाला, की शमुवेलरावाच्या धाकानं करणी थांबली. करणी थांबली आणि मावशीचं पाणीही थांबलं. तोंड उघडायचं धाडस मला होत नव्हतं.

मग एका सकाळी मावशी गाठोडं घेऊन बाहेर आली. मागं रूथ, पदराखाली तापलेलं लेकरू. घराला कुलूप लावून भावाच्या गावाला निघालेल्या, फाट्यापर्यंत पायी. त्या उन्हात ते लेकरू फाटा गाठणार नाही, हे मला दिसत होतं. मी वाटेत आडवा उभा राहिलो.

"मावशी, ती मडकी मी ठेवत होतो. प्यायचं पाणी होतं ते."

मावशीनं विचारलं, "चांगलं पानी व्हतं?"

"हो."

"आरं, समदं तिठ्यावर नेऊन वतलं की रं मी. हिकडं लेकीचं दूध आटलं पान्यावाचून." तिनं गाठोडं खाली टाकलं. "कावून हाक न्हाई मारलीस?"

पाळकसाहेबांचा अख्खा उपदेश मला पाठ होता, पण तो इथं काय कामाचा? इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मावशीला कुलूप काढून लेकीला आत न्यायला सांगितलं, घरी गेलो, भरलेली घागर खांद्यावर घेतली आणि गल्लीच्या मधून, सगळ्यांच्या देखत मावशीच्या दारात आणून ठेवली. आमच्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणं "सलाम मावशी, पाणी आणलंय," म्हटलं.

मावशीनं घागर आत नेली नाही. घागरीतून एक पेला भरला आणि माझ्यापुढं धरला.

"आदी तू पी."

प्यालो. काय करता?

मग ती उंबऱ्यावर बसून माझ्याकडं टक लावून बघायला लागली. मी घाम पुसला तशी जरा मागं सरकली. असा बराच वेळ गेला. मी काही कोसळलो नाही, तेव्हा कुठं तिनं आत हाक दिली, "रूथ, पी गं. ह्याला कायबी झालं न्हाई."