वहिनीची टाच

दोन हजार एकोणीस साल. माझं वय तेव्हा सत्तर, वहिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. त्या साली तिला पक्कं घर मिळालं आणि घरासोबत टाचेचं दुखणंही. ती आता नाही. पण हसनाबादकडच्या आमच्या वस्तीत तिची एक हाक अजून सगळ्यांच्या कानात आहे: "चपला भायेर!"

ही हाक ती मोठा-लहान बघून मारत नसे. घराचं माप घ्यायला आलेल्या ग्रामसेवकाला मारली, मत मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही मारली. पुढाऱ्याचे बूट लेसचे. तो दारातच वाकून गाठी सोडत बसला आणि मागची माणसं उन्हात ताटकळली. "सावकाश सोडा साहेब," वहिनी म्हणाली, "मत कुठं पळून राह्यलंय?"

फरशी पांढरी, चकचकीत. दिवसातून कितीदा तरी ती पुसायची. जुन्या घरात सारवलेली मातीची जमीन होती आणि चुलीपुढं बसून स्वयंपाक. इथं गॅसचा ओटा आला, म्हणजे सगळं काम उभ्यानं, तेही अनवाणी. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी उठून पाय खाली टेकला की ती "आई गं" करून भिंत धरायची. थोडं चाललं की बरं वाटायचं. दिवस मावळताना पुन्हा तेच.

मग वस्तीत सगळेच वैद्य झाले. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं वात. एकानं तर आत काटा मोडलाय म्हणून टाच कोरायला सुई तापवली. त्याला मी हाकलून दिला. मी शाळा चौथीत सोडली, पण न बघता कारण सांगणाऱ्याचं मी कधी ऐकलं नाही. शेवटी भांडून भांडून वहिनीला भोकरदनला डॉक्टरीणबाईकडं नेली.

बाई तरुण होती, पण घाई करत नव्हती. घोटा फिरवून बघितला, सूज आहे का, मुंग्या येतात का, पाय बधिर पडतो का, सगळं विचारलं, साखर तपासली, टाचेचा एक्स-रे फोटो काढला. वहिनीनं स्वतःच निकाल सांगितला, "हाड वाढलं असंल."

"फोटोत थोडं वाढलेलं दिसतंय, आजी. पण तसं पुष्कळांचं असतं, अन् त्यांना काही दुखत नाही." मग तिनं समजावलं की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. कडक फरशीवर अनवाणी उभं राहून तो ताणला जातो, रात्री आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल जीव घेतं. उठायच्या आधी तळव्याला टॉवेल लावून पाय ओढायचा, पोटरीला ताण द्यायचा. आणि घरात मऊ चप्पल घालायची.

पहिलं तिनं ऐकलं. दुसरं बिलकुल नाही. मी जालन्याहून मऊ टाचेच्या चपला आणल्या. घरात ती चपला घालेना, कारण ते घर. बाहेर घालेना, कारण इतक्या चांगल्या चपला चिखलात खराब होतील. त्या कपाटावर बसून राहिल्या आणि ही बाई टाच उचलून लंगडत पुन्हा फरशी पुसायला लागली. डोकं फोडून घ्यावंसं वाटायचं.

तिचा मुलगा जालन्याला एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत. त्यानं सांगून टाकलं, "आई, सकाळी तुला धरून उठवायला इथं कोण हाये? रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव." तिकडं त्याची भाड्याची खोली, तीही जिना चढून, खाली तशीच फरशी. वहिनीला जायचं नव्हतं. सारं आयुष्य दुसऱ्याच्या नावावरच्या छपराखाली गेलं, हे पहिलं घर तिच्या नावाचं.

शनिवारी संध्याकाळी मी शेवटचं सांगायला गेलो.

"वैनी, घाल त्या चपला. तू नीट चालून दाखव, पोराला मी माघारी लावतो."

"घरात न्हाई, भाऊजी."

"आमची आई वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायची. तू पाह्यलंस. दुसऱ्याच्या दारात लोकांनी काढायला लावल्या, अन् आता सवताच्या घरात घालायला तुला जड होऊन राह्यलं?"

ती हातातलं फडकं पिळत थांबली. "सासूबाईंच्या मागं मी बी तशीच चालले. तवा भ्यावानं काढल्या. आता कुणी सांगत न्हाई, तरी काढते. माझी फरशी हाये, मी तिला मान देते. अन् आता तुम्ही सांगणार व्हय, कवा घालायच्या अन् कवा काढायच्या?"

मला राग आला. तिनं पुढं केलेला चहा तसाच ठेवून मी निघून आलो.

वहिनी जालन्याला गेली नाही. शेवटपर्यंत त्याच घरात राहिली आणि तिथूनच गेली. टाच पुरती बरी कधीच झाली नाही, पण सकाळी भिंत न धरता उठायची. ते माझ्या सांगण्यानं झालं असं कुणी म्हणालं, तर ते खोटं आहे. सांगून त्या बाईनं कुणाचं काही ऐकलं नाही.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, उजाडताच मी ट्रॅक्टरवाल्याला उठवला आणि जुन्या घराच्या जमिनीला होती तसल्या पांढऱ्या मातीची ट्रॉली तिच्या दारात ओतली. पोराची गाडी यायला अजून अवकाश होता. "येडे झाले का भाऊजी! माझी फरशी!" ती ओरडत राहिली. मी घमेलं उचललं, ओट्यापुढं ती जिथं उभी राहायची तिथं उपडं केलं, पाणी शिंपडलं आणि धुमस घेऊन माती ठोकायला लागलो.