पहिल्याच डावात दोन बादशहा

मंडळी, आज दुपारी मुरलीपुऱ्यात शेजारच्या शर्माजींकडे पोकरची किरकोळ पैशांची स्पर्धा होती. पहिला बाद होईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा.

पहिल्याच डावात मला दोन बादशहा आले. गावाकडे तीन पत्तीत भारी पानं आली की गप्प राहून समोरच्याला आत येऊ द्यायचं. मी तेच केलं, बोली वाढवली नाही. बाकीचे चौघेही स्वस्तात आत आले. टेबलावर सगळ्यांच्या सामायिक तीन पानांत सत्ती-दुर्री उघडल्यावर मात्र मी सगळ्या चिप्स लावल्या. शर्माजींच्या हातातही सत्ती-दुर्रीच होती, पोकरमधली सगळ्यात फालतू पानं, बोली वाढवली असती तर त्यांनी टाकूनच दिली असती. त्यांच्या दोन जोड्या, माझी एक; मी पहिलाच बाद.

"सस्ते में आपने ही तो बुलाया, भाईसाहब," ते म्हणाले. "अदरक ज़्यादा डालना."

देवाने आधीच दिलेलं मी झाकून ठेवलं, असं चहा उकळताना वाटलं. चांगलं हाती आलं की तुम्हीही लपवता का?